श्रीखंड महादेव: भीमद्वारला त्रास झाला तर उतरण्यासाठीही आधी चढावं लागतं

‘जुलैत श्रीखंडला जातोय, आयोजक पहिल्याच दिवशी सिंहगाडहून भीमद्वारला नेणार आहे, वडील साठीचे आहेत, जमेल ना?’ हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. हिमाचलमधल्या श्रीखंड महादेव यात्रेचा आमचाही कार्यक्रम अगदी असाच आखलेला होता: सिंहगाड हा पायथ्याचा तळ, भीमद्वार हा बराच वरचा मुक्काम.

बूट, काठी, पोंचो यावर बोलत नाही. सह्याद्रीत फिरणारी माणसं आहात. पण कळसूबाई १६४६ मीटर, आणि जिथून चालायला लागायचं ते जाओं गावच तिच्याहून उंच. शिखर ५२०० मीटरच्या वर. तिथे पायांतली ताकद कामी येते, पण विरळ हवेची सवय व्हायला रात्रीच घालवाव्या लागतात.

खरी मेख काली घाटीत आहे. थाचडू या मधल्या मुक्कामाच्या जागेपर्यंत दमवणारा चढ, पुढे काली घाटीचा माथा, आणि तिथून वाट उतरून भीमतलाईमार्गे भीमद्वारला जाते. म्हणजे भीमद्वारला डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तर ‘लगेच खाली उतरा’ हा नियम पाळायलासुद्धा आधी काली घाटी पुन्हा चढावी लागते. माझ्या धाकट्या भावाला आम्ही दोघांनी धरून ती चढवली. दर दहा पावलांना तो खाली बसत होता.

निघण्याआधी मी आयोजकांच्या ऑफिसला थाचडूचा एक मुक्काम वाढवून मागितला होता, जादा पैसे द्यायची तयारी होती. उत्तर आलं, ‘सगळे असेच जातात.’ भाऊ आजारी पडल्यावर सोबतच्या माणसानेही तेच ऐकवलं. आजही संताप होतो. यात्रेला आलेल्या माणसाची श्रद्धा म्हणजे त्याला ओढत न्यायचा परवाना नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे: थाचडूला मुक्काम नसेल तर आयोजक बदला. सिंहगाडला वैद्यकीय तपासणीत पास झालात तरी वर त्रास होणारच नाही असं नाही. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. या वाटेवर ते तंतोतंत जमत नाही, म्हणूनच मधला मुक्काम हवा.

मी डॉक्टर नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) मनाने देऊ नका, वडिलांच्या चालू गोळ्या आणि सल्फाची ॲलर्जी डॉक्टरांना आधी सांगा. बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर दर्शन राहू दे, माघारी फिरा. आणि हो, शिखराच्या वाटेवरच्या नैन सरोवरापाशी जुलैतही बर्फ असतो, भीमद्वारच्या पुढच्या पार्वती बाग या मुक्कामातून पहाटे निघा.