पेढे आणण्याआधी पाणी सोडून बघ

सायन, जुलै

प्रिय मुली,

तुझ्या अमोनिया-सेन्सरचा मेल आणि ग्राफ दोन्ही पाहिले. अमोनिया सोडल्याबरोबर झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा रेझिस्टन्स धाडकन खाली आला, तोही हीटर न लावता, म्हणून तू खूश आहेस. पेढे आणण्याआधी एक कर. तीच सिरिंज, तेवढेच मायक्रोलिटर, पण अमोनियाच्या द्रावणाऐवजी साधं डिस्टिल्ड पाणी, चेंबरमध्ये थेंबाची वाफ करायला ठेवलेल्या तापल्या प्लेटवर टाक आणि ग्राफ काढ.

हे मी फजितीतून शिकलो. माझ्या उमेदवारीत असाच जुलै होता, आणि मीही लायकर अमोनिया, म्हणजे अमोनियाचं पाण्यातलं तीव्र द्रावण, पातळ करून चेंबरमध्ये वाफ करत होतो. तीन आठवडे सुरेख ग्राफ येत होते. माझे सर आले, काही बोलले नाहीत, बाटली बाजूला सारून पाण्याचं बीकर पुढे केलं. ग्राफ जवळजवळ तसाच उतरला. त्या दिवशी मी कँटीनला गेलोच नाही.

हिशोब मांडून बघ. 1 टक्का द्रावणाचे 10 मायक्रोलिटर एक लिटरच्या चेंबरमध्ये उडवलेस, तर अमोनिया जेमतेम 145 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 145) होतो आणि पाण्याची वाफ 13,500 पीपीएमच्या आसपास. म्हणजे आर्द्रता एकदम पस्तीस-चाळीस टक्क्यांनी वर. मुंबईच्या पावसाळी हवेत चेंबरच्या काचेवर दवच धरेल. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर बसला की प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात आणि रेझिस्टन्स पडतो. अमोनियानेही तो पडायलाच हवा. दोन चोर एकाच गणवेशात, पकडणार कोणाला?

आणि थंड, म्हणजे न तापवलेल्या, ऑक्साइडवर माझा मुळातच संशय असतो. टिन ऑक्साइडचे सेन्सर, ज्यांचं पेटंट जपानच्या तागुचींनी 1962 मध्ये मागितलं, ते 200 ते 400 अंशांवर उगाच तापवत नाहीत. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर बसून इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. अमोनिया त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन सुटतात, प्रवाह वाढतो. खोलीच्या तापमानाला हीच अभिक्रिया रडतखडत चालते.

म्हणून हीटरशिवाय काम करायचं तर मी तुला लांब साखळीच्या रेणूंच्या, वीज वाहणाऱ्या पदार्थाकडे, म्हणजे पॉलिअ‍ॅनिलिनकडे ढकलेन. इथे काही जाळायचं नसतं, फक्त आम्ल-अल्कलीचा व्यवहार. हायड्रोक्लोरिक आम्लात बनवलेलं पॉलिअ‍ॅनिलिन गडद हिरवं असतं आणि वीज वाहून नेतं, कारण त्याच्या साखळीवर जास्तीचे प्रोटॉन बसलेले असतात. अमोनियाच्या नायट्रोजनजवळ मोकळी इलेक्ट्रॉनजोडी असते. ती प्रोटॉन उचलते, अमोनियम होते, साखळी निळसर पडते आणि रेझिस्टन्स चढतो. पाण्याने मात्र तो बहुधा उतरतो. चोर आता उलट्या दिशांना पळतात, मुंबईत काम करणाऱ्याला आणखी काय हवं?

बनवताना बर्फाचं भांडं सोडू नकोस. अ‍ॅनिलिनच्या आम्लातल्या द्रावणात अमोनियम परसल्फेट थेंब थेंब घाल. घाईत ओतलंस की मिश्रण तापतं आणि फिल्म ठिपक्याठिपक्यांची निघते. काचेवर हिरवा पातळ थर उजेडाकडे धरून बघितलास की डोळ्यांनाच कळतं, हा चालणार की नाही. मग लायकरच्या बाटलीचं झाकण क्षणभर उघडून काच जवळ ने. निळं पडताना बघशील. वायू ओढून घेणाऱ्या हूडखाली, अर्थातच.

खरी परीक्षा परत येण्याची आहे. तापलेल्या सेन्सरवरून वायू उष्णतेमुळे झटकन निघून जातो. थंड सेन्सरवरून त्याला आपल्या आपण निघायचं असतं, आणि काही अमोनियम आम्लाच्या क्लोराइडला धरून तिथेच बसतो. म्हणून बेसलाइन, म्हणजे वायू नसतानाचा रेझिस्टन्स, दर फेरीला थोडी वर सरकते. तुझा ग्राफ खाली येऊन संपतो, परतीचा भाग कापलेला दिसतोय. मला तोच हवा आहे. बेसलाइन स्थिर होईपर्यंत पुढची फेरी सुरू करू नकोस, मग शेवटची लोकल चुकली तरी चालेल. (घरी आधी कळव.)

रबराची नळी असेल तर बदल, टेफ्लॉन लाव. अमोनिया भिंतींना चिकटतो आणि तू शुद्ध हवा सोडलीस तरी नळीच गुपचूप वायू ओकत राहते.

ससून डॉकच्या मासळीसाठी सेन्सर करायचा तुझा बेत चांगला आहे. पण नासणाऱ्या मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा. तेही अल्कली, म्हणजे पॉलिअ‍ॅनिलिनला दोघांतला फरक कळणार नाही. मासळी ताजी की शिळी एवढंच सांगायचं तर हरकत नाही. तोच सेन्सर बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरची अमोनिया-गळती पकडायला लावलास, तर मासळीची पाटी जवळून गेली तरी भोंगा वाजेल. तिथे सेन्सर लागतोच, कारण नाक वासाला सरावतं, त्यावर विसंबता येत नाही. स्टेशनवरच्या मुतारीजवळ स्टॉल चालवणाऱ्याला विचार, वास येतो का. अमेरिकी शिफारस दिवसभराच्या कामासाठी 25 पीपीएमची आहे आणि 300 ला जिवाचा धोका. तुझा सेन्सर 25 च्या खाली काय दाखवतो, तेही मोज.

शनिवारी दुपारी ये. पाण्याचा ग्राफ, न कापलेला, घेऊन ये. डिस्टिल्ड वॉटर संपलं असेल तर आमच्या लॅबमधून ने.

तुझा,
सर