कार्तूश आणि काडतूस

प्रश्न असा आला आहे: कैरोहून आणलेल्या सोन्याच्या लॉकेटवर चित्रलिपीत नाव कोरलंय. दुकानदार त्याला 'कार्टूश' म्हणाला. हा आपल्या काडतुसाचा कुणी लागतो का? आणि मराठीत त्याला 'राजमुद्रा' म्हटलं तर चालेल का?

लागतो, आणि नातं जवळचं आहे. काडतूस आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आलं, तर त्याच अर्थाचा फ्रेंचांचा 'कार्तूश' इटालियनमधून. दोघांच्या मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद. पूर्वी बंदुकीची दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधून ठेवत, त्यावरून हे नाव. ('कार्टून'ही याच घराण्यातलं, मूळ अर्थ जाड कागदावरचं कच्चं चित्र.)

नेपोलियनची फौज १७९८ साली इजिप्तमध्ये उतरली. देवळांच्या भिंतींवर राजांच्या नावांभोवती कोरलेल्या लांबट गोलाकार चौकटी सैनिकांना काडतुसांसारख्या दिसल्या आणि हे नाव पडलं, अशी कथा सगळीकडे सांगतात. मला ती अर्धीच पटते. नकाशाच्या कोपऱ्यात मजकुराभोवती काढतात त्या नक्षीदार, कडा वळलेल्या चौकटीलाही फ्रेंचमध्ये कितीतरी आधीपासून कार्तूशच म्हणत. फौजेबरोबर विद्वान आणि चित्रकारांचा मोठा ताफा होता. त्यांच्या तोंडी हा अर्थ असणारच.

खुद्द इजिप्शियन लोक या आकृतीला 'शेनू' म्हणत. वेढणं या अर्थाच्या धातूवरून. नीट पाहिलं तर ती दोरी आहे. राजाच्या नावाभोवती दोरीचा वेढा द्यायचा आणि टोकं खाली बांधायची. एका टोकाला जी आडवी रेघ दिसते ती ही गाठ. सूर्य ज्या ज्या प्रदेशाला वेढा घालतो त्या सगळ्याचा धनी हा राजा, असा त्यातला भाव.

म्हणूनच 'राजमुद्रा' नको. मुद्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा येते, कागदावर उमटवायचा शिक्का. कार्तूश हा शिक्का नाही, ते नावाभोवतीचं कडं आहे. लेखात पहिल्यांदा 'कार्तूश (नामवलय)' असं द्यावं, पुढे नुसतं कार्तूश. उच्चार फ्रेंचच्या जवळ जाणारा, त वापरून करावा. 'कार्टूश' इंग्रजीमार्गे आलंय.

तुतानखामेनचं राज्याभिषेकाचं नाव या कड्यात कसं बसतं ते पाहण्यासारखं आहे. वर सूर्याचं बिंब, खाली भुंगेरा, त्याखाली तीन छोट्या रेघा, तळाशी टोपली. टोपली म्हणजे 'नेब', स्वामी. भुंगेरा 'खेपेर', म्हणजे रूप, आणि तीन रेघा अनेकवचनाच्या. सूर्य म्हणजे 'रा'. देव म्हणून मानाने आधी लिहायचा, उच्चारायचा मात्र शेवटी. झालं नेबखेपेरूरा. त्याच्या थडग्यातल्या एका पदकात सोनाराने हीच अक्षरं दागिना म्हणून घडवली आहेत. पंख पसरलेला निळा भुंगेरा पदकाच्या मधोमध आहे, आणि ते पदक म्हणजेच राजाचं नाव. माझ्या मते इजिप्शियन कलेचं सगळं मर्म इथे आहे: तिथे नक्षी आणि लिपी वेगळ्या काढता येत नाहीत.

पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला या थडग्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ला सापडली, आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कमध्ये इजिप्तची लाट आली. कार्तिए या पॅरिसच्या जवाहिऱ्याच्या पेढीने खरे प्राचीन तुकडे हिऱ्यांत बसवून ब्रूच केले, कपड्यांवर भुंगेरे, कमळं आणि चित्राक्षरं आली. ती बहुतेक वेळा शोभेपुरती, वाचायला गेलं तर काहीच अर्थ नसलेली. मात्र सगळं श्रेय कार्टरला देऊ नये. हॉलिवूडचं 'इजिप्शियन थिएटर' १८ ऑक्टोबर १९२२ला उघडलं, म्हणजे ती पायरी सापडण्याच्या आधी. हौस नेपोलियनच्या काळापासूनची होती, तिला आता उधाण आलं.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. युरोपीय वास्तुकलेच्या मजकुरात, नकाशांच्या वर्णनात 'कार्तूश' आला तर तो बहुधा इजिप्तचा नसतो, ती जुनी कागदी वळणाची चौकट असते. तिथे 'नामवलय' लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होईल. 'नक्षीदार चौकट' पुरे.

आता लॉकेट. कैरोतल्या खान अल-खलिलीच्या बाजारात अशी लॉकेटं गिऱ्हाईकाच्या नावाने करून देतात. उभं असेल तर वरून खाली वाचा. आडवं असेल तर पक्षी-प्राण्यांची तोंडं जिकडे, तिकडून सुरुवात करा. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे 'अ'साठी सहसा गिधाड वापरतात. नावात 'ल' असेल तर बसलेला सिंह शोधा. टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही परकी ग्रीक नावं लिहायला जुन्या लेखनिकांनी तोच सिंह वापरला होता. फ्रेंच विद्वान शाँपोलियोने १८२२ साली लिपी उलगडली तेव्हा या दोन नावांची कार्तूशं शेजारी ठेवून सामायिक अक्षरं जुळवली, त्यांतलं एक अक्षर हा सिंह.