डुकरांमध्ये अचानक मरतूक सुरू झाली तर रोग कुठून आला हे मोबाइल-कॉम्प्युटरवरून शोधता येतं का?

शोधता येतं. पण तुम्ही लिहिलंय की पाच दिवसांत सात डुकरं गेली आणि बाहेरचं कोणी आलं नव्हतं, तेव्हा आधी १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन लावा आणि नमुने घेऊ द्या. कान-पोट लाल पडणं, जोराचा ताप, खाणं सोडणं हे आफ्रिकन स्वाइन फीवरमध्ये दिसतं तसंच क्लासिकल स्वाइन फीवरमध्येही; दोन्ही डुकरांचे विषाणूजन्य रोग आहेत. फोटो बघून कुणीही निदान सांगितलं तरी धरून चालू नका, प्रयोगशाळेतल्या पीसीआर तपासणीनेच फरक कळतो. तोवर जनावर, मांस, खाद्याचं पोतं, काहीही बाहेर जाऊ देऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. मी पशुवैद्य आहे. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात पहिल्यांदा सापडला तो आसाम-अरुणाचलात. त्यानंतर काही काळ मी तिकडे साथीचा माग काढायचं काम केलं. “बाहेरचं कोणी आलं नव्हतं” हे तुमचं वाक्य मी तिथे जवळजवळ प्रत्येक फार्मवर ऐकलं. लोक खोटं बोलत नाहीत हो. डोळ्यांदेखत जनावरं मरत असताना मागचे तीन आठवडे कुणाला आठवणार? आणि बघायचे असतात नेमके तेच, कारण लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस जाऊ शकतात.

म्हणून मी माणसाला विचारण्याआधी त्याचा मोबाइल उघडायला सांगतो. एका मालकाने यूपीआयचे जुने व्यवहार वर सरकवता सरकवता अंगठा थांबवला. सकाळी पावणेआठला एका व्यापाऱ्याकडून पैसे जमा झालेले. “हां, हा दोन पिल्लं घेऊन गेला. काटा आणि दोरी त्याचीच होती.” तीच दोरी त्याआधी कुठे कुठे फिरली, हे मग व्यापाऱ्याच्या कॉल-यादीवरून काढलं. गॅलरीतले फोटो, खाद्याच्या गाडीचं जीपीएस, हॉटेलचं खरकटं आणणाऱ्याचे व्हॉट्सॲप निरोप, सगळं तारखेसकट पडलेलं असतं.

हे सगळं एका साध्या शीटमध्ये घाला: आडवे दिवस, उभे शेडमधले कप्पे, आजारी पडलं की पिवळं, मेलं की लाल. रंग कोणत्या कप्प्यातून पसरला ते दिसतं. दाराजवळचा कप्पा आधी पिवळा झाला असेल तर माझी नजर आधी माणसांवर आणि गाड्यांवर जाते. सगळे कप्पे एकदम झाले तर खाद्य-पाण्यावर.

विषाणूचा जनुकीय क्रम काढला की उत्तर मिळेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. पीआरआरएस या डुकरांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगात त्याचा मोठा उपयोग होतो, कारण तो विषाणू झपाट्याने बदलतो. आफ्रिकन स्वाइन फीवरचा फार सावकाश बदलतो, त्यामुळे शेजारच्या दोन फार्मवरचे नमुने जवळपास सारखेच निघतात. तिथे तुमच्या नोंदीच कामाला येतात.

आज रात्रीच शीट सुरू करा, मोबाइलमधलं काही पुसू नका. आणि शेडमध्ये जाताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, बाहेर पडताना पिशवी आतच टाका.