अडगळीत सापडलेली रेसर सायकल किती जुनी आणि किती मोलाची, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची पातळ टायरची, वाकड्या हँडलची सायकल अडगळीतून निघाली. कंपनीचं नाव अर्धं पुसलंय, गिअर शिमानो या जपानी कंपनीचे आहेत आणि तळाला ठोकलेला नंबर इंटरनेटवर शोधून काही हाती लागलं नाही. लागणारही नाही बहुतेक. तो नंबर कंपन्या आपल्या हिशेबासाठी ठोकायच्या, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. श्विन या अमेरिकन कंपनीसारखे अपवाद आहेत: 1965 पासूनच्या त्यांच्या शिकागोतल्या फ्रेमवर नंबरातलं पहिलं अक्षर महिना सांगतं, दुसरं वर्ष. पण असे थोडेच.

वय शोधायचं ते सुट्या भागांवर. मागचं चाक काढा, डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) उलटा करा आणि आतल्या बाजूचा काळा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसा. जेमतेम दिसतील अशी दोन इंग्रजी अक्षरं तिथे असतील. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. शिमानोने 1976 ला 'ए' धरला, 1977 ला 'बी', असं पुढे. महिन्यांसाठी जानेवारी 'ए' ते डिसेंबर 'एल'. म्हणजे 'एचके' दिसलं तर नोव्हेंबर 1983. (2002 मध्ये पुन्हा 'ए' पासून सुरुवात झाली, पण विशीतला डेरेलर आणि चाळिशीतला डेरेलर यांत कुणाचा गोंधळ होत नाही.) अशीच अक्षरं क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मागे आणि ब्रेकच्या पाठीवरही सापडतात. तीनही ठिकाणच्या तारखा दोन-चार महिन्यांच्या अंतरात असतील तर भाग मूळचे आहेत, आणि सायकल त्यानंतर लवकरच जोडली गेली असं धरायला हरकत नाही. एकच तारीख फटकून असेल तर तो भाग बदललेला. सुटे भाग कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचे निघाले तर हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) लॉकनटवर 'कॅम' पुढे वर्षाचे दोन आकडे असू शकतात, आणि त्यांच्या न्युओवो रेकॉर्ड डेरेलरवर 'पेटंट 78' असं सरळच लिहिलेलं असतं.

इथेच मी एकदा तोंडावर पडलोय. एका सायकलच्या लॉकनटवर 'कॅम 68' वाचलं आणि 1968 ची सायकल मिळाली म्हणून आनंदाने घेऊन आलो. घरी आल्यावर नीट पाहिलं तर ब्रेकच्या केबलच्या वाट्या वरच्या पाइपवर डाखलेल्या, क्लिपा नाहीत; ब्रेकचा नट चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) आत बुडालेला, बाहेरून ॲलन किल्लीने फिरवायचा. ही दोन्ही लक्षणं ऐंशीच्या आसपासची. चाकं जुनी होती, फ्रेम नव्हती. चाकं काय, दोन मिनिटांत बदलतात. म्हणून मी आता आधी फ्रेमला विचारतो, मग भागांना.

फ्रेमला विचारायचं ते व्हर्नियर (मिलिमीटरपर्यंत नेमकं माप देणारी मोजपट्टी) घेऊन. मागचा एक्सल जिथे बसतो त्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा. 120 मिमी भरलं तर ती पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलसाठी बांधलेली, 126 म्हणजे सहा किंवा सात, 130 म्हणजे आठ आणि त्यापुढची. मात्र कुणी फ्रेम ताणून नवं चाक बसवलेलं असू शकतं, तेव्हा एवढ्या एका आकड्यावर निकाल देऊ नका. गिअरचे खटके खालच्या तिरक्या पाइपवर आहेत का, आणि ते टक-टक करत बसतात की नुसते सरकतात, हेही पाहा. शिमानोचे टक-टक करणारे गिअर 1984 च्या ड्युरा-एस या त्यांच्या गिअरसंचापासून रुळले, आणि ब्रेकच्याच लिव्हरमधून गिअर बदलायची सोय 1990 मध्ये आली.

आता किंमत. जुनी म्हणजे महाग, हा समज आधी सोडा. सत्तरच्या दशकात साध्या जाड पाइपच्या रेसर सायकली ढिगाने निघाल्या. त्यांचं वय आहे, मोल नाही. मोल पाइपात असतं. सीट पोस्ट काढून तिचा व्यास मोजा. 27.2 मिमी आली तर पाइपाची भिंत पातळ, म्हणजे पाइप चांगल्या जातीचा असण्याची दाट शक्यता. 26 च्या खाली गेली तर बहुधा जाड आणि स्वस्त. स्टिकर उरला असेल तर तो शब्दन्‌शब्द वाचा. रेनॉल्ड्स 531 हा पाइप 1935 पासूनचा, नाव मोठं. पण काही स्टिकरवर फक्त फ्रेमचे मुख्य पाइप 531 चे असल्याचं म्हटलेलं असतं, तर काहींवर चिमटा आणि मागचे पाइपही. दुसरी सायकल केव्हाही वरचढ. आणि कृपा करून तो स्टिकर थिनरने पुसू नका, फ्रेमला नवा रंगही देऊ नका. घेणारा माणूस ओरखड्यांसकट मूळ रंगाला जास्त मान देतो. टायर, चेन, केबल, ब्रेकचे रबर बदललेले चालतात, ते झिजायचेच.

भाव पाडणारी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: पुढच्या लगच्या (पाइप जोडणाऱ्या बाहीच्या) लगेच मागे, वरच्या आणि खालच्या पाइपच्या पोटाकडून बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून कुठेतरी धडकलेली आहे आणि फ्रेम वाकलीय. तसंच सीट पोस्ट किंवा हँडलचा स्टेम गंजून जाम झाला असेल तर घेणारा तेवढे पैसे कापतोच. पाइपमध्ये ॲल्युमिनियम अडकलं की ते हातोडीने निघत नाही; गंज सोडवणारं तेल ओतून रात्रभर ठेवा आणि घाई करू नका.

भाव बघताना विकणाऱ्यांनी मागितलेली रक्कम धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या सायकलींची बघा. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं! फ्रेमची उंचीही लक्षात घ्या: मधल्या मापाची सायकल पटकन जाते, फार लहान किंवा फार उंच असेल तर तीच सायकल महिनोन्‌महिने पडून राहते.

पूर्ण सायकलचा चेनच्या बाजूने एक फोटो, डेरेलरमागच्या अक्षरांचा एक आणि सीट पोस्टचा आकडा, एवढं इथे टाका. वर्ष मी सांगतो.