शिवी होती तेच पुस्तकाचं नाव झालं

तुम्ही विचारलंय, "दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत जे दुःख येतं ते खरंच तेवढं होतं, की लेखकांनी वाढवून लिहिलंय? त्या समाजातल्या कुणीतरी प्रामाणिकपणे सांगावं."

मी सोलापूरची. टकारी समाजात जन्मले आणि सेटलमेंट फ्री कॉलनीत वाढले, म्हणून उत्तर देते.

आधी या पत्त्याबद्दल. बाहेरच्या माणसाला 'सेटलमेंट' हे एखाद्या पेठेसारखं नाव वाटतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये तो आपल्या मुंबई इलाख्यातही आणला. टकारी, कैकाडी, पारधी, मांग गारुडी, भामटा अशा किती तरी जमाती त्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरल्या. चोरी केली म्हणून कुणाला धरणं वेगळं. इथं मूल पाळण्यात असतानाच ते कोण होणार हे ठरलेलं असायचं. सोलापुरात माळावर तारेचं कुंपण घालून माणसं आत ठेवली. तारेबाहेर जायचं तर पास, परत आलं की हजेरी. बोटांचे ठसे सरकारदप्तरी. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायचा अधिकारसुद्धा त्या कायद्यात होता. गिरण्यांना मजूर हवे होते, ते या तारेच्या आतून मिळाले. ज्यांची वागणूक चांगली ठरायची त्यांना तारेबाहेर राहू द्यायचे, ती फ्री कॉलनी. 'फ्री' हा शब्द आमच्या पत्त्यात असा आला.

टकारी म्हणजे जात्याला टाकी मारून देणारे लोक. छिन्नी-हातोडी घेऊन गावोगाव हिंडायचं, बायाबापड्यांची गुळगुळीत झालेली जाती-पाटे खरवडून द्यायचे, त्याबद्दल पीठमीठ घ्यायचं. माझ्या आज्याच्या बापाचं हे काम. आजा मात्र गिरणीत गेला.

माझी आजी 'सेटलमेंट' हा शब्द कधी उच्चारत नसे. ती 'तार' म्हणायची. "तुझी मोठी आत्या तारेत असतानाची." आणि आज्याची एक सवय आम्हा पोरांना कळायची नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात विडीकाडी आणायला निघाला तरी तो दारात उभा राहून सांगायचा, कुठं चाललोय, किती वेळात येतो. परत आला की पुन्हा दारात थांबून, "आलो." आम्ही हसायचो. आजी हसायची नाही. मी कॉलेजात गेल्यावर त्या कायद्याबद्दल वाचलं आणि त्या दिवशी आज्याचं ते "आलो" मला ऐकू आलं. तो हजेरी देत होता. कायदा जाऊन तोवर तीस वर्षं झाली होती.

सोलापूरच्या माणसाला १९३० चा अभिमान असतो, मलाही आहे. त्या मे महिन्यात शहर काही दिवस इंग्रजांच्या ताब्यात नव्हतं. मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी गेले की आजही हात जोडते. पण त्याच शहरात तार तशीच होती. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही तो कायदा देशाच्या पुस्तकात राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, म्हणजे पाच वर्षं सोळा दिवसांनी. आमच्याकडे हा हिशोब पोरांनाही पाठ असतो. त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि जवळपास कुठं घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्याच गल्लीत यायची हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझी धाकटी आत्या नोकरीच्या अर्जावर 'सेटलमेंट' गाळून नुसतं 'फ्री कॉलनी' लिहायची.

आता साहित्याचं. तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे की दुःख लिहिणाऱ्यानं शब्द निवडले, म्हणजे थोडे जड निवडले असतील. पण आमच्यासाठी शब्द आधीच निवडून ठेवलेले होते. कुठलाही मराठी शब्दकोश काढा आणि 'भामटा' बघा. ठग, चोर, लुच्चा. ते एका जमातीचं नाव आहे. आज जातीच्या दाखल्यावर ते छापून येतं आणि त्याच दिवशीच्या पेपरात 'भामट्यानं घातला गंडा' असा मथळाही येतो. शाळेत आमच्या वर्गात पेन हरवलं तेव्हा गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भामटेगिरी कुणाची?" आणि वर्ग वळून माझ्या चुलतभावाकडे बघायला लागला. पेन बाकाखाली सापडलं. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. गुरुजी वाईट नव्हते, त्यांनी फक्त मराठी बोलली होती. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

म्हणून ही पुस्तकं उघडण्याआधी त्यांची नावं वाचा. लक्ष्मण माने कैकाडी समाजातले, १९८० मध्ये त्यांनी 'उपरा' नाव दिलं. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये 'उचल्या'. किशोर शांताबाई काळे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे. त्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चं. आणि शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, त्यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. तोळा बारा माशांचा असतो. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे वजनात कमी भरलेला, लग्नाबाहेर जन्मलेला. सोनाराच्या काट्याचा शब्द माणसाच्या जन्माला लावला होता. या चौघांनीही लोक ज्या नावानं हिणवायचे तेच नाव पुस्तकाच्या तोंडावर छापलं. वाढवून सांगणारा माणूस स्वतःसाठी असं नाव निवडत नाही हो.

आणि हे काही ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे. परंपरा सांगते की १३३८ मध्ये तिथल्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. समाधी महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर. त्यांच्या जातीच्या माणसाला सहा शतकं तिथूनच परतावं लागलं, मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं तोवर. शाळेत आम्हाला चोखोबांची भक्ती शिकवली, भिंत शिकवली नाही. त्यांची बायको सोयराबाई. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण, हा तिचा प्रश्न सातशे वर्षांचा आहे. तो मला कुठल्याही धड्यात भेटला नाही, मी तिशीत शोधून वाचला.

प्रामाणिक उत्तर मागितलंय तर माझी एक तक्रारही सांगते. पुरुषांच्या आत्मकथनांत आमच्या आया-आज्या बहुतेक वेळा भोगणाऱ्या बाया म्हणूनच दिसतात. रडतात, मार खातात, भाकरी वाटून देतात. माझी आजी याहून जास्त होती. तारेच्या आत राहून तिनं कुठली वस्तू कशी आत आणायची, कुणाच्या पोराला ताप असताना हजेरीची वेळ कशी सांभाळायची, याची सगळी जुळणी डोक्यात ठेवली होती. ते कुणी लिहिलं नाही. त्या अर्थानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर उलटं आहे. जे छापलं गेलं ते कमी आहे. आजा कधी लिहायला शिकला नाही, आजीनं तर बोलायचंही टाळलं, आणि त्या तारेत वाढलेली आमच्या घरातली शेवटची बाई, माझी मोठी आत्या, गेल्या पावसाळ्यात गेली. तिला विचारायचे वीसेक प्रश्न माझ्या वहीत तसेच आहेत.

तुम्हाला खरंच वाचायचं असेल तर शांताबाई कांबळेंपासून सुरुवात करा. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या, शिक्षिका. 'माज्या जल्माची चित्तरकथा', १९८६. पुस्तक लहान आहे, दोन दिवसांत होतं. भाषा माणदेशी आहे, पहिली काही पानं मोठ्यानं वाचा म्हणजे कानाला सवय होईल.