परिपाठाच्या आधीची वीस मिनिटं

प्रश्न : बाई, माझी शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं. खाडीपलीकडची मुलं तरीने येतात ती लवकर पोचतात. वरच्या वाडीतली एसटीने येतात, ती कधी वेळेवर तर कधी परिपाठ अर्ध्यावर आल्यावर. लवकर आलेली मुलं मारामाऱ्या करतात म्हणून मी फळ्यावर सुविचार लिहून ठेवते आणि पाचदा उतरवून काढायला सांगते. शांतता राहते, पण मुलांचे चेहरे बघवत नाहीत. शहरातल्या शाळांचे व्हिडिओ बघितले. तिथे सकाळी आल्या आल्या मुलांपुढे रंगीत डब्यांतून ठोकळे, कोडी, मणी ठेवतात. आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत. काय करता येईल?
– एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : आधी तो सुविचार पुसा. पाचदा लिहून सुधारलेलं मूल मला नोकरीभर भेटलं नाही, तुम्हालाही भेटायचं नाही.

तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, त्या तरीत आणि एसटीत. मुलं एका वेळी येतच नाहीत, तर सगळ्यांनी मिळून सुरू करायचं काम सकाळी घ्यायचंच नाही. गोष्ट सांगायला घेतलीत की एसटीवाल्यांना अर्धी ऐकायला मिळणार. कुणीही केव्हाही येऊन बसावं आणि घंटा झाली की उठावं, असं काम हवं. ते हातांचंच असतं. व्हिडिओतल्या शाळांनीही हेच ओळखलंय, रंगीत डबे नुसते दिसायला.

आणि पैशाचं म्हणाल, तर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या १९४५ साली, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी बिया, पानं, शंखशिंपले, काटक्या यांतूनच साधनं उभी केली. बोर्डी काय आणि गुहागर काय, किनारा एकच.

सुरुवात तिसऱ्यांपासून करा, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांपासून. घरी एकशिपी करतात तेव्हा एक शिंप कालवणात जाते, दुसरी उकिरड्यावर. आयांना निरोप द्या, दोन्ही शिंपा राखून ठेवा म्हणावं. त्या उकळा, घासून धुवा, उन्हात वाळवा. जोड्या सुट्या करून सगळ्या एका रोवळीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, मिसळून टाका. मुलांना एवढंच सांगायचं : जोडी शोधा. तिसरीच्या दोन शिंपा एकमेकींवर जशा बसतात तशा दुसऱ्या कुठल्याच शिंपेवर बसत नाहीत. बिजागरीपाशी बारीक दात असतात, ते तंतोतंत अडकावे लागतात. मूल आधी रंगावरून शोधतं, मग आकारावरून, आणि दोन्हींनी फसलं की डोळे मिटून बोटांनी चाचपायला लागतं. तिथपर्यंत आलेलं मूल मारामारी करत नाही, त्याला वेळ नसतो. देवगड तालुक्यात असताना माझ्या वर्गात दुसरीतली एक मुलगी होती, वर्गात अक्षर बोलायची नाही. तिच्या रोवळीत एक शिंप बिनजोडीची राहिली तेव्हा ती ताडकन उठून माझ्यापाशी आली, ‘बाई, हिची जोडीदारीण खंय गेली?’ आम्ही दोघींनी बाकाखाली वाकून शोधली.

पहिल्या आठवड्यात दहाच जोड्या ठेवा. मुलं सरावली की वाढवा.

दुसरी रोवळी चिंचोक्यांची. थोडे दहा-दहाच्या ढिगांसाठी आणि थोडे घासायला. खरखरीत फरशीवर एक बाजू घासून पांढरी करायची, असे चार चिंचोके झाले की फासे तयार. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, मधले जेवढे पांढरे तेवढे. पट खडूने फरशीवर आखा. यातली बेरीज तिसरीचं मूल पहिलीच्याला शिकवतं, तुम्ही मध्ये पडू नका. (घासलेला गरम चिंचोका शेजाऱ्याच्या दंडाला लावायचा उद्योगही होणारच. आपणही केलाय.)

तिसऱ्या रोवळीत काथ्या, तीन पेडांची वेणी घालायला. चौथ्या रोवळीत माडाच्या झावळीच्या पाती आणि हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी. पाती विणून चटईचा तुकडा होतो, हीर मोडून चौकोन-त्रिकोण मांडता येतात. बस्स, चार पुरे. जास्त ठेवलंत तर मुलं ह्यातून त्यात हात घालत फिरतात आणि कशातच रमत नाहीत. रोवळ्या मुद्दाम सांगतेय, प्लास्टिकचे डबे नकोत. आपल्या दमट हवेत बंद डब्यात बुरा येतो, बांबूतून वारा खेळतो.

घंटा झाली की सगळं रोवळीत. अर्धवट वेणीचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी रडारडीसकट येईल. कपाटावर एक सूप ठेवा, अर्धवट काम त्यात जाईल आणि उद्या तिथूनच पुढे. मोडायला लावलंत की तिसऱ्या दिवशी कोणी वेणीला हात लावणार नाही.

या वीस मिनिटांत तुम्ही हजेरीपट आणि पोषण आहाराच्या नोंदी घेऊन बसाल, मला माहीत आहे. निदान दोन मुलांकडे नीट बघा. चिमटीत काय धरता येतं, काय निसटतं, डावखुरं कोण, कोण रोज एकटंच बसतं. पहिलीत पेन्सिल ज्याच्या हातात ठरत नाही त्याला चिंचोके निवडू द्या, पाटी थोडी थांबेल. शेरे मात्र लिहू नका, गुण तर नकोतच. तपासणी आली की मुलं बाईंसाठी काम करायला लागतात.

साहेब आले आणि त्यांनी विचारलं तर? २०२१ पासूनच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंतच्या मुलाला वाचता यावं आणि संख्येची समज यावी हेच लक्ष्य आहे. दहाचे ढीग दाखवा आणि पहिलीच्या पोराला सांगा, साहेबांना त्रेचाळीस चिंचोके मोजून दे.

सकाळी मुलं गप्प बसावीत म्हणून स्मार्ट टीव्ही लावू नका, एवढंच अजून सांगते. टीव्ही बंद केल्यावर जो गोंगाट होतो तो परिपाठभर पुरतो.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे. शाळेत काय केलं विचारलं तर ‘शिंपले लावले’ म्हणतो. शिंपले तर आमच्या दारात पडलेत. त्यासाठी शाळेत पाठवायचं का?
– एक पालक, वेंगुर्ला

उत्तर : दारातले शिंपले तो लावतो का? लावत नसेल, कारण तिथे त्याच्याबरोबर लावणारं कोणी नाही आणि तुमच्या हातात मोबाइल आहे. राग मानू नका. ‘काय केलं’ विचारण्याऐवजी ‘कसे लावलेस’ विचारा आणि त्याच्यापुढे पसाभर शिंपले ठेवा. लहानमोठे लावले, रंगाने लावले, पाच-पाचच्या रांगा केल्या, जे करील ते गणितच आहे. शाळा दिवसभर तेच करत असेल तर मात्र जाऊन भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : पावसाळ्यात हे कसं जमवायचं? आमच्या शाळेची पडवी गळते आणि मुलं भिजून येतात.
– एक शिक्षक, श्रीवर्धन

उत्तर : जूनमध्ये भिजून आलेल्या मुलाला आधी टॉवेल, मग काम. प्रत्येकाचा जुना पंचा शाळेत राहू द्या, खुंटीवर नाव घालून. अंग पुसणं, छत्री उघडून टांगणं, चपला जोडीने लावणं हेच त्या दिवसांतलं पहिलं हातकाम समजा.

पावसात चिंचोक्यांना कीड लागते, काथ्याला वास येतो. ते गणपतीनंतर काढा. तोवर करवंट्या, शिंपा, नदीतले गोटे. जांभ्याचे दोन तुकडे ओल्या फरशीवर घासले की तांबडा लगदा निघतो, त्यात बोट बुडवून अक्षरं काढायला पहिलीला फार आवडतं. कपड्यांवरून आया तुम्हाला बोलतील, तेवढी तयारी ठेवा. गळक्या पडवीत वेगवेगळी भांडी लावा, कुठलं आधी भरतं यावर मुलं पैजा लावतील आणि फुलपात्रात किती वाट्या मावतात हे मोजूनच सोडतील.

दोन गोष्टी मात्र रोवळीत कधीच नकोत. गुंजा दिसायला गोजिरवाण्या, पण बी विषारी असते. चावून गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि कच्ची काजूबी. बोंडं वेचून मुलं खिशातून घेऊन येतात, त्या सालीतलं तेल कातडी भाजतं. शाळेच्या दारात एक डबा ठेवा, बिया त्यात टाकायच्या आणि घरी जाताना परत न्यायच्या. हात साबणाने धुतल्याशिवाय रोवळीला हात नाही.