डिसेंबरात मुदत आहे. परदेशी मास्टर्सच्या अर्जाची तयारी कुठून सुरू करू?

शिफारसपत्रांपासून. बाकी सगळं तुमच्या हातात असतं, हे एकच दुसऱ्यांच्या हातात. बहुतेक ठिकाणी दोन-तीन लागतात. प्राध्यापकांना निदान सहा आठवडे आधी विचारा आणि विचारताना सोबत रेझ्युमे, त्यांच्याकडे केलेल्या प्रोजेक्टची चार ओळींत आठवण आणि मुदतींची यादी द्या. नाहीतर "विद्यार्थी मेहनती व नम्र आहे" एवढंच पत्र येतं, आणि त्याला काडीची किंमत नसते. मोठ्या पदावरच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा, तुमचं काम जवळून पाहिलेला साधा लेक्चरर केव्हाही बरा.

मग एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणारा तुमचा निबंध (स्टेटमेंट ऑफ पर्पज). "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती" ही सुरुवात कृपा करून टाळा. वाचणारे कंटाळलेले असतात. तुम्ही कोणता प्रश्न हाताळलात, कुठे अडलात, पुढे काय शिकायचंय आणि ते याच विभागात का, हे लिहा. शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा हवा. (मी एकदा घाईत दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव तसंच ठेवून अर्ज पाठवला होता. उत्तर काय आलं, सांगायला नको.)

जीआरई (मास्टर्सच्या प्रवेशासाठीची परीक्षा) आधी दिली असेल तर गुण ५ वर्षं चालतात, टोफेलचे (इंग्रजीची परीक्षा) मात्र २ वर्षंच. पुष्कळ विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, म्हणून फी भरण्याआधी विभागाचं पान बघा.

ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत दाखला) कॉलेजात आजच अर्ज टाका.